सोऱ्या

दिवाळीचा सोऱ्या मी पितृपक्षातच माळ्यावरून काढला
तेव्हा आई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.
चकलीची चकती बाजूला, जाड शेवेची आत.
परातीत शेंगदाण्याची पेंड, तांदळाचा कोंडा,
ठेचलेला लसूण,
वाशीच्या मसाला बाजारात गोणी झाडून मिळालेली हळद
आणि सावलीत वाळवून हातावर चोळलेला शेवग्याचा पाला.
उन्हात वाळवला तर हिरवा उडून जातो,
हिरव्याबरोबर बाकीचंही.
सगळं पेजेत मळायचं.
पेज नसेल तर पाण्यात पडताच सुटतं
आणि मासा तोंड उघडतो तोवर
उरतो नुसता गढूळपणा.

बाबा बांधावरून आले, परातीत डोकावले.
"माशांना बालतीनीचा खुराक घालतंस काय गो?"
शतावरी पण आहे, म्हटलं,
वहिनीच्या डब्यात उरली होती.

पाला सेक्टर सातातल्या सोसायटीच्या कुंपणाचा.
वॉचमन इंद्रजितशी तोंडी करार:
शेंगा त्याच्या, पाला माझा.

गेल्या हिवाळ्यात रोहूंच्या अंगावर लाल चट्टे उठले होते.
तुर्भ्याहून एक जण आला, इस्त्रीचा शर्ट,
पांढऱ्या कॅनवरचं लेबल आधीच खरवडलेलं.
दोन झाकणं सकाळी, दोन संध्याकाळी.
मासे वाचले.
नऊशे किलो निघाले, घणसोलीच्या नाक्यावर दुपारपर्यंत खपले
आणि त्या रात्री आमच्या घरात
विकत आणलेले बोंबील.
आईने त्यांच्यावर पाटा ठेवला.
पाणी निथळेस्तोवर आम्ही तिघं
त्या पाट्याकडे बघत बसलो.

पहिले आठ दिवस मासे वर आलेच नाहीत.
कडू लागलं असणार.
पाला रात्रभर भिजवला, पाणी फेकलं,
प्रमाण निम्म्यावर आणलं.
नवव्या दिवशी एका कटल्याने पाणी फोडलं,
मग दुसऱ्याने,
मग पलीकडच्या टॉवरची पाण्यातली सावली
अख्खीच्या अख्खी हलायला लागली.

दिवाळीला आईने नवा सोऱ्या आणला.
जुन्याचा लसूण आता चिंचेनेही जात नव्हता.

दर पंधरवड्याला जाळं, वीस मासे, ताणकाटा, वही.
चौऱ्याऐंशी ग्रॅम. एकशे दहा. एकशे एकतीस.
जनार्दन मढवीच्या तळ्यात तेव्हा एकशे नव्वद,
कंपनीची गोणी, वर मोठ्या माशाचं चित्र.
बाबा आकड्यांवरून बोट फिरवायचे,
वही मिटून परत द्यायचे.
रागावले असते तर बरं झालं असतं.

मार्गशीर्षात मी एकेक मासा उलटून बघितला,
कल्ल्याखाली, शेपटीच्या मुळाशी.
तिघांवर चट्टे होते. चौथा सापडला नाही.
लसणाने, हळदीने,
की यंदा थंडीच पडली नाही म्हणून?
वहीत प्रश्नचिन्ह काढलं.
ते अजून तिथेच आहे.

चैत्रात तळं उपसलं.
व्यापाऱ्याने टोपली हाताने तोलली,
"माल हलका आहे,"
आणि किलोमागे बारा रुपये कापले.
मी तोंड उघडणार होते.
तेवढ्यात बाबांनी, काटा लागायच्या आधीच,
टोपलीतला एक रोहू कल्ल्यात बोट घालून उचलला,
ओल्या गोणपाटात गुंडाळला
आणि बांधावरून चालायला लागले.
मागे वळले नाहीत.

हिशेब संपवून घरी पोचले तेव्हा
विळी धुऊन उपडी होती,
आईच्या कोपरापर्यंत खवले,
पाटा भिंतीला कोरडा टेकलेला.

कालवण लालभडक, वर कोकम.
बाबांनी डोक्याचा तुकडा
माझ्या ताटात ढकलला,
आणि मी चार वर्षांची असल्यासारखं म्हणाले,
"काटं बघून खा."